आल्माबाईंचा बेलो आणि माझी पुस्तकी जर्मन

पुण्यातल्या एका शाळेत मी आयुष्यभर जर्मन शिकवली आणि जर्मनी पाहिली ती विमानतळाच्या काचेतून. मुलीकडे अमेरिकेला जाताना फ्रँकफर्टला विमान बदलायचं होतं. बाहेर धुकं, सामानाच्या दोन गाड्या आणि पिवळं जाकीट घातलेला एक माणूस, एवढीच ती जर्मनी. तरी मी हिंमत केली. पुढचं विमान कुठल्या दारातून सुटतं, हे काउंटरवरच्या मुलीला जर्मनमध्ये विचारलं. वाक्य येतायेताच मनात घासूनपुसून ठेवलं होतं. मुलीने ते हसतमुखाने ऐकून घेतलं आणि इंग्रजीत उत्तर दिलं.

हे माझ्या सवयीचं होतं. शाळेत अधूनमधून कुणी जर्मन पाहुणे यायचे. मी जर्मनमध्ये स्वागत करायची, ते इंग्रजीत आभार मानायचे. माणसं चांगली असत, माझा त्रास वाचवावा असंच त्यांच्या मनात असणार. पण माझ्या मनात दर वेळी तीच शंका यायची. माझी जर्मन ही खरोखरची जर्मन आहे, की आम्ही पुणेकरांनी परीक्षेपुरती आपापसात चालवलेली एक वेगळीच भाषा? मी आधी मराठीत विचार करते, त्याचं भाषांतर करते, ते तपासते आणि मग तोंड उघडते. तोवर समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. जर्मन ज्याच्या घरात बोलली जाते अशा कुणीतरी मला एकदा, फक्त एकदा, जर्मनमध्ये उत्तर द्यावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी परतताना हायडेलबर्गला आठवडाभर राहायचं ठरवलंही होतं. पण व्हिसाचं जुळलं नाही. आमचे हे पुण्यातच राहिले होते, कारण विमानाचं नाव काढलं की यांना आपलं ब्लडप्रेशर आठवतं. फोनवर म्हणाले, "हायडेलबर्ग काही पळून जात नाही." हायडेलबर्ग नाही पळत, पण माझी साठी उलटून गेली होती त्याचं काय?

माझी मुलगी मुग्धा टेक्ससमध्ये डॅलसजवळ अर्विंगला राहते. जावई निखिल टेलिफोनच्या कंपनीत आहे. माझा पडलेला चेहरा त्याला बघवेना. एका संध्याकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर भलामोठा नकाशा पसरला.

"आई, जर्मनी कॅन्सल झाली ना? मग हे बघा. फ्रेडरिक्सबर्ग. दीडशे वर्षांपूर्वी जर्मन लोकांनी येऊन वसवलेलं गाव. एकदम हिस्टॉरिक. शुक्रवारी हाफ डे टाकतो, ड्राइव्ह करून संध्याकाळपर्यंत पोचू."

"टेक्ससमध्ये जर्मनी?" मी म्हणाले. "म्हणजे लोणावळ्यात काश्मीर."

"आई, जाऊन तर बघ," मुग्धा म्हणाली. "नाही आवडलं तर पीचेस खाऊन परत येऊ. जूनमध्ये तिथे मस्त पीचेस असतात."

माझी नात सई नऊ वर्षांची. तिने डोळे बारीक करून विचारलं, "आजी, आर यू गोइंग टू टॉक जर्मन टू एव्हरीवन?"

"हो. सगळ्यांशी."

"ओ नो," सई म्हणाली.

मेन स्ट्रीट

गाव मात्र देखणं निघालं, हे आधीच कबूल करते. डॅलसच्या बाजूचा सपाट, करपलेला प्रदेश मागे पडतो, हळूहळू टेकड्या सुरू होतात, बुटक्या ओक वृक्षांची झाडी लागते आणि मग हा रस्ता. आपला लक्ष्मी रोड त्यात तीनदा मावेल. बैलगाडीला पुढे-मागे न करता वळता यावं म्हणून रस्ता एवढा रुंद आखला म्हणे. दोन्ही बाजूंना पांढरट चुनखडीच्या दगडाची घरं, भिंती जाड, खिडक्या खोल. दगडाच्या सांध्यांकडे बघितलं की कळत होतं, ही माणसं परत जायचं ठरवून आली नव्हती. मध्यावर आठ कोनांचं एक चर्च आहे. ते कॉफी दळायच्या जुन्या यंत्रासारखं दिसतं आणि गावकरी त्याला त्याच नावाने चिडवतात. मूळ चर्च कधीच पाडलं गेलं, आताचं नंतर तसंच बांधून काढलेलं आहे. मला गंमत वाटली. आपल्याकडे जीर्णोद्धार करतात तेव्हा जुनं देऊळ होतं तरी कसं, हे कुणाला आठवत नाही.

दुकानांवर जर्मनमध्ये 'स्वागत' लिहिलेलं. मी उजळणी करून एका बेकरीत शिरले. काउंटरवरच्या मुलीने अगदी चित्रातला जर्मन पोशाख केला होता, चुण्यांची बाही, लाल कंचुकी, पांढरा एप्रन. मी म्हटलं, "गूटन टाग," आणि पुढे ताजा पाव कुठला आहे, ते एका पूर्ण, निर्दोष वाक्यात विचारलं. मुलगी गोंधळली. मग लाजून म्हणाली की ती मेक्सिकोतून आलेली आहे, आणि हा ड्रेस मालकीण धुऊन-इस्त्री करून देते. स्पॅनिश चालेल का?

दुसऱ्या दुकानातल्या तरुणाचं आडनाव अस्सल जर्मन होतं. त्याला जर्मनमधले आकडे तीनपर्यंत येत होते आणि त्याचं त्याला कौतुक होतं. तिसऱ्या ठिकाणी मी तोंड उघडायच्या आतच सईने माझा पदर ओढला. "आजी, प्लीज. धिस इज सो एम्बॅरसिंग."

जेवायला एका बागेतल्या हॉटेलात बसलो. मेन्यूवर बटाट्याच्या सॅलडचं जर्मन नाव दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला. हा शब्द मी पाचवीच्या मुलींना फळ्यावर चित्र काढून शिकवला होता. मी घरच्यासारखी ऑर्डर दिली. गरम, आंबट-गोड, वर काहीतरी खमंग तळलेलं. दोन घास घेतल्यावर निखिल हळूच म्हणाला, "आई, थांबा. त्यात बेकन आहे." मी चमचा खाली ठेवला. जन्माची शाकाहारी बाई, आणि डुक्कर खाल्लं ते स्वतः शिकवलेल्या शब्दाच्या भरवशावर! एवढी वर्षं तो शब्द शिकवत होते, पण त्या पदार्थात काय घालतात ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मुग्धा हसून हसून लाल झाली. मी पाव आणि लाल कोबीवर भागवलं. लाल कोबी फार सुरेख होता, सफरचंद घालून शिजवलेला.

आल्माबाईंचं घर

राहायची सोय निखिलने एका छोट्या घरात केली होती. या गावात अशी घरं बरीच आहेत. त्यांना रविवारची घरं म्हणतात. पूर्वी शेतकरी लांब मळ्यावर राहत, शनिवारी बाजाराला गावात येत, रात्री या घरात मुक्काम करून रविवारी चर्चला जात आणि मग परत मळ्यावर. एक खोली खाली, एक माळ्यावर, आणि माळ्याचा जिना बाहेरून. खोलीत जागा वाया जाऊ नये म्हणून जिना बाहेर काढणारी माणसं मला एकदम आपली वाटली. आता ही घरं पाहुण्यांना भाड्याने देतात. आमच्या घराची मालकीण मागच्याच अंगणात, मोठ्या घरात राहायची. तिचं नाव आल्मा. ऐंशीच्या आसपासची, उंच, हाडापेराने मजबूत, केसांचा घट्ट अंबाडा. सोबतीला बेलो नावाचा बुटका तपकिरी कुत्रा.

किल्ली देताना तिने इंग्रजीत विचारपूस केली. मुग्धाने कौतुकाने सांगून टाकलं, "माय मदर इज अ जर्मन टीचर. इन इंडिया."

आल्माबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग शब्द शोधत शोधत, फार जपून, त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, "तुम्ही इंडियाहून लुफ्टशिफने आलात?"

माझी इतक्या वर्षांची इच्छा समोर उभी होती. जर्मन बोलत मोठी झालेली एक बाई स्वतःहून माझ्याशी जर्मन बोलली होती. आणि मी काय केलं असेल? लुफ्टशिफ म्हणजे हवेतलं जहाज, जुन्या काळी आकाशात तरंगायचे ते मोठे फुगे. विमानाला वेगळा शब्द आहे. माझं बोट आपोआप वर गेलं, भुवया चढल्या, आणि तोंडातून निघालं, "फ्लुगझॉइग."

मी उत्तर दिलं नाही. मी चूक दुरुस्त केली. पुण्याच्या शाळामास्तरणीला जर्मन माणसाची जर्मन सुधारायची हौस!

आल्माबाईंचा चेहरा मिटला. "येस. एअरप्लेन," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "माय जर्मन इज नो गुड." किल्ली मुग्धाच्या हातात देऊन त्या निघून गेल्या. बेलो मागोमाग गेला.

"आई!" मुग्धा दबक्या आवाजात म्हणाली. "काय केलंस हे? त्या बिचाऱ्या किती गोड बोलत होत्या."

मला तोंड वर करून बघवेना. खोलीतली गादी मऊ होती, चादरींना उन्हाचा वास होता, पण माझा डोळा लागला नाही. इच्छा हातात आली आणि मीच ती फळा पुसावा तशी पुसून टाकली.

गुलाबी डोंगर

शनिवारी सकाळी आल्माबाईंनी नाश्त्याची टोपली दारात ठेवली, गरम पाव, लोणी, पीचचा मुरंबा. मी धावत दार उघडलं. "डांके," म्हटलं, आभार. त्यांनी मान हलवली आणि "यू आर वेलकम" म्हणून वळल्या. आमच्याकडे अबोला म्हणतात तो हाच. भांडण नाही, राग नाही, फक्त आपलं माणूस आपल्याशी परक्या भाषेत बोलायला लागतं.

नंतर गावातल्या छोट्या संग्रहालयात गेलो. तिथे काम करणाऱ्या बाई आल्माबाईंच्या शेजारीण निघाल्या. आम्ही कुठे उतरलो ते ऐकून त्या सहज बोलून गेल्या. आल्मा शाळेत होती त्या काळी शाळेच्या आवारात जर्मन बोललं की शिक्षा व्हायची. पुढे जर्मनीहून पर्यटक यायला लागले, ते इथली जुनाट जर्मन ऐकून हसायचे. म्हणून बाहेर कुणी बोलायचंच नाही. आल्मा आणि तिचा नवरा घरात बोलायचे. नवरा मागच्या वर्षी गेला. मुलं ह्यूस्टनला असतात, त्यांना येत नाही.

मी पुढची खोली पाहिलीच नाही. बाहेर बाकावर जाऊन बसले. एका मास्तरणीने या बाईला जर्मन बोलते म्हणून शिक्षा केली होती, आणि आता दुसरीने, चुकीची बोलते म्हणून. मला स्वतःची फार लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली, की आता त्या माझ्याशी कधीच बोलणार नाहीत.

दुपारी गावाबाहेरच्या डोंगरावर गेलो. अख्खा डोंगर म्हणजे एकच गुलाबी दगड, गवताचं पातं नाही, उलट्या कढईसारखा गुळगुळीत. सई आणि निखिल सरसर वर गेले. मी पर्वतीच्या सवयीने निम्म्यापर्यंत चढले आणि मुग्धासोबत एका खळग्याशी बसले. त्यात साठलेल्या पाण्यात बारीक पिवळी फुलं उगवली होती.

"तू जाऊन सॉरी म्हण ना," मुग्धा म्हणाली.

"सॉरी इंग्रजीत म्हणायचं तर काय उपयोग? आणि जर्मनमध्ये म्हटलं तर त्यांना वाटेल, पुन्हा शिकवायला आली."

"मग मराठीत म्हण," मुग्धा म्हणाली. आम्ही दोघी हसलो, पण प्रश्न होता तिथेच राहिला.

रविवार

रविवारी जेवायच्या आत निघायचं होतं. पहाटेच जाग आली. खिडकी उघडली तर अंगणात आल्माबाई बेलोशी बोलत होत्या, जर्मनमध्ये. केवढं बोलत होत्या! कोंबड्यांच्या मागे लागू नकोस, काल तू काय केलंस ते मला माहीत आहे, पाय पुसल्याशिवाय आत यायचं नाही. कुठेही अडखळणं नाही. मध्येच इंग्रजी शब्द येत होते, शेवटचे उच्चार गिळले जात होते, आणि सगळं इतकं सहज, की मी श्वास धरून ऐकत राहिले. आमच्या वर्गात कुणी कुणाला कधी जर्मनमध्ये पाय पुसायला सांगितलं नव्हतं.

मग मला सुचलं ते सांगते. आमच्याकडे नवरा-बायकोचा अबोला झाला की तिसऱ्याला मध्ये घालतात. "बाळ, बाबांना सांग, जेवण वाढलंय." "बाळ, आईला सांग, भूक नाही." बाळ मधल्या मध्ये बसलेलं असतं आणि सगळं घर त्याच्या डोक्यावरून बोलत असतं. मी पायरीवर जाऊन बसले आणि हात पुढे करून म्हटलं, "कोम, बेलो." ये.

बेलोने कान टवकारले, आणि तो चक्क आला. शेपटी हलवत, माझ्या साडीच्या निऱ्या हुंगत. माझी जर्मन मानणारा पहिला जीव!

मी आल्माबाईंकडे न बघता त्यालाच जर्मनमध्ये म्हटलं, "बेलो, मी फार मूर्ख बाई आहे. मला वाटतं, तुझी मालकीण माझ्यावर रागावली आहे."

कोंबड्यांपुढे मूठभर दाणे पडले. मग तिकडून आवाज आला, बेलोलाच उद्देशून, जर्मनमध्ये. "बेलो, त्या बाईंना सांग, मी रागावले नाही. मला लाज वाटली."

"बेलो, यांना सांग, लाज मला वाटायला हवी. माझी जर्मन फक्त पुस्तकातली आहे. तीत कुणी कधी राहिलेलं नाही."

आल्माबाई दाण्यांचं भांडं कडेवर घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बेलो एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. "बेलो," त्या म्हणाल्या, "त्या बाईंना विचार, पीच सोलता येतात का."

त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर पीचची रास पडली होती. उकळत्या पाण्यातून काढले की सालं अलगद सुटतात, हे त्यांनी दाखवलं. सोलता सोलता मी एकेका वस्तूकडे बोट करायची आणि विचारायची, तुमच्या घरात याला काय म्हणतात? या वेळी बोट शिकवायला नव्हतं. त्या सांगायच्या, मी म्हणायची, त्या मान हलवायच्या, "नाही, तोंड एवढं उघडायचं नाही," आणि मला पुन्हा म्हणायला लावायच्या. माझी जर्मन त्यांच्या चर्चमधल्या जुन्या पाद्र्यासारखी आहे, असं म्हणून त्या मनापासून हसल्या. विमानाला त्या लुफ्टशिफ म्हणतात, कारण त्यांचे पूर्वज जर्मनीतून निघाले तेव्हा विमान नव्हतंच. मग आकाशातून उडणारं यंत्र दिसल्यावर हाताशी होता तो शब्द त्यांनी दिला. मीसुद्धा लुफ्टशिफनेच आले, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. नवऱ्याचं नाव ओटो, त्याला हा मुरंबा फार आवडायचा, आणि ढवळताना तो उगाच मागे येऊन उभा राहायचा, असं काय काय त्या बोलत राहिल्या. मला सगळं कळत होतं असं नाही. जे कळत नव्हतं त्यालाही मी हुंकार भरत होते. खूप दिवसांनी बोलायला बसलेल्या माणसाला थांबवून अर्थ विचारायचा नसतो.

बाहेर निखिलने गाडीत सामान भरायला सुरुवात केली. "आई, निघायचं का? रस्त्यात ट्रॅफिक लागेल," मुग्धाने दारातून हाक मारली. सई बेलोला मिठी मारून बसली होती आणि त्याला इंग्रजीत काहीतरी समजावत होती. तो ढिम्म हलत नव्हता. आल्माबाईंनी आमच्यासाठी आत्ताच कढत भरलेल्या मुरंब्याच्या बरण्या ओट्यावर ओळीने ठेवल्या होत्या. मला आभार मानायचे होते, चांगल्या शब्दांत. मी मनात वाक्य जुळवत होते, मराठीत सुरू करून, नेहमीसारखं. त्या नादात, निघायच्या घाईत, मी पुढे होऊन एक बरणी उचलायला गेले.

आल्माबाई ओरडल्या. काय ओरडल्या! भांडीसुद्धा दचकली असतील. पाठोपाठ एक लांबलचक झापणी, खास घरच्या माणसाला मिळते तशी, एका श्वासात, त्यांच्या त्या शेवट गिळणाऱ्या जर्मनमध्ये. माझा हात बरणीपासून मागे आला होता, आणि दुसऱ्या हाताने मी खुंटीवरचं जाड फडकं ओढूनही घेतलं होतं.

मुग्धा धावत आत आली. "आई, काय झालं? काय म्हणाल्या त्या?"

मी तोंड उघडलं. फडकं हातात तसंच होतं, आल्माबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे रागाने बघत होत्या.

"थांब जरा," मी म्हटलं. "मराठीत काय म्हणायचं ते आठवते."